अग्निबाणाचे ‘जनक’ एका खोक्यात: प्रतिकृती उत्तम, श्रेयाचा हिशेब कच्चा

आठवीत शिकणाऱ्या भाचीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अग्निबाणांच्या इतिहासावरचा एक शैक्षणिक संच मी गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवला. किंमत १,४५० रुपये. खोक्यात पुठ्ठ्याच्या चार प्रतिकृती, भिंतीवर लावायचा एक तक्ता आणि ४८ पानांची मराठी पुस्तिका आहे. म्हैसूरचा बाण, अमेरिकेच्या रॉबर्ट गोडार्ड यांचा द्रवरूप इंधनावर चालणारा १९२६ सालचा अग्निबाण, दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा व्ही-२ आणि स्पुटनिकला कक्षेत पोहोचवणारा सोव्हिएत आर-७ अशी निवड असून ती विचारपूर्वक केलेली आहे. पुठ्ठा जाड आहे, कापणी स्वच्छ आहे आणि खाचा नेमक्या बसतात. फक्त आर-७ च्या कडेचे चार बूस्टर सैल राहतात, त्यांना वेगळा गोंद लावावा लागतो.

संचातला सर्वांत चांगला भाग म्हणजे गोडार्ड यांची प्रतिकृती. भाचीने ती प्रथम उलटी चिकटवली, कारण ज्वाळा सोडणारे इंजिन वर आणि इंधनाच्या टाक्या खाली हे तिला छपाईतली चूक वाटले. प्रत्यक्षात मूळ यंत्र तसेच होते. दोन बारीक नळ्या खालच्या टाक्यांतून पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन वर नेत, आणि वरून येणाऱ्या ज्वाळेपासून टाकी वाचावी म्हणून तिच्यावर शंकूच्या आकाराचे झाकण होते. ते इवलेसे झाकणसुद्धा संचात आहे. वरून ओढले म्हणजे अग्निबाण सरळ राहील, ही गोडार्ड यांची अपेक्षा होती. पण यंत्र कलले की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो, त्यामुळे लंबकासारखे सावरणे होत नाही, आणि पुढे त्यांनी इंजिन खाली आणले. पुस्तिकेने नेमके हेच सांगायला हवे होते. त्याऐवजी तिथे १६ मार्च १९२६, ऑबर्न, मॅसॅच्युसेट्स, अडीच सेकंद, साडेबारा मीटर उंची एवढीच नोंद आहे. आकडे बरोबर आहेत. पण मुलीच्या मनात आलेला प्रश्न तसाच राहतो.

माझी खरी तक्रार तक्त्याविषयी आहे. मध्यभागी गोडार्ड यांचे मोठे चित्र आणि खाली ‘अग्निबाणाचे जनक’ असा मथळा; कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की आणि हेर्मान ओबर्थ कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढे. त्सिओल्कोव्स्की यांनी एकही अग्निबाण उडवला नाही, हे खरे. परंतु लहानपणीच्या आजारात श्रवणशक्ती गमावलेल्या, रशियातल्या कालुगा येथील या शाळामास्तरांनी १९०३ सालच्या लेखात अग्निबाणाचा अंतिम वेग बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगावर आणि सुरुवातीच्या व शेवटच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर कसा अवलंबून असतो, ते गणिताने दाखवले आणि द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन सुचवले. अशाच स्वरूपाचे गणित इंग्लंडमधल्या विल्यम मूर यांनी १८१३ मध्ये मांडले होते. मात्र त्या समीकरणाच्या आधारे पृथ्वी सोडता येईल का, हा प्रश्न त्सिओल्कोव्स्की यांचा.

ओबर्थ यांचा शोधनिबंध १९२२ मध्ये नाकारला गेला. त्यांनी तो १९२३ साली शंभराहून कमी पानांचे पुस्तक म्हणून छापला, आणि त्यातून जर्मनीत अग्निबाणवेड्या तरुणांची एक पिढीच उभी राहिली. पुढे व्ही-२ घडवणारे व्हर्नर फॉन ब्राउन त्यांतलेच. याउलट गोडार्ड यांची १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून टिंगल केली होती. ते मुळातच संकोची होते, त्यानंतर अधिकच मिटले आणि आपल्या पहिल्या उड्डाणाची हकिकत त्यांनी छापील अहवालात दिली ती १९३६ मध्ये. द्रवरूप इंधनावरच्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण त्यांचेच, याबद्दल वाद नाही. परंतु ज्याचे काम वाचून इतरांनी पुढचे पाऊल टाकले, त्याला मी अधिक श्रेय देईन, आणि त्या मापाने ओबर्थ मोठे ठरतात. हे माझे मत. तक्त्याने निदान वाद आहे एवढे तरी सांगावे.

व्ही-२ च्या पानावर फॉन ब्राउन यांचे कौतुक आहे, ऑक्टोबर १९४२ मधल्या यशस्वी उड्डाणाची तारीख आहे, पण तो अग्निबाण मिटेलबाऊ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून भुयारात बनवून घेतला गेला आणि त्या छावणीत हजारोंनी माणसे मेली, याचा एक शब्द नाही. आठवीच्या मुलांना हे झेपणार नाही, असे म्हणणे मला पटत नाही. आर-७ चे मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्याबाबत मात्र पुस्तिका प्रामाणिक आहे: १९३८ ची अटक, कोलिमातली श्रमछावणी, आणि १९६६ मध्ये मृत्यू होईपर्यंत जगापासून लपवलेले नाव, हे सगळे दोन परिच्छेदांत नीट आले आहे.

म्हैसूरच्या पानावर टिपू सुलतान यांना ‘अग्निबाणाचे शोधकर्ते’ म्हटले आहे, ती अतिशयोक्ती झाली. चीनमध्ये १२३२ सालच्या लढाईत असे बाण वापरल्याची नोंद आहे आणि हिंदुस्थानी फौजांतही ‘बाण’ हे जुनेच शस्त्र होते. आपण दिवाळीत बाटलीत उभा करून सोडतो तो बाण हाच शब्द. हैदर आणि टिपू यांच्या कारागिरांचे श्रेय लोखंडी नळीचे आहे. तिच्यामुळे दारू अधिक दाबाखाली जळू शकली आणि पल्ला वाढला. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर तेच नमुने इंग्लंडला गेले आणि तिथल्या विल्यम काँग्रीव्ह यांच्या नावाने नवे अग्निबाण निघाले. इतके नेमके श्रेय असताना वाढवून सांगण्याची गरज नव्हती.

प्रतिकृतींसाठी संच जरूर घ्यावा. पैसे वसूल होतात. पुस्तिका मोठ्यांनी शेजारी बसून वाचून दाखवावी. आम्ही तक्त्यावरच्या ‘जनक’ या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली आणि भाचीने तिच्यावर स्केचपेनने ‘कोणी काय केले’ असे लिहिले.