दक्षिण ॲरिझोनातील धनुष्य-शिकारीची आखणी : एका सल्लासेवेचा अनुभव

कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोहून ॲरिझोनातील टूसॉन सुमारे 400 मैलांवर आहे, त्यामुळे जानेवारीतील हरिणांची धनुष्य-शिकार आपल्याला सहज जमेल असे मी आणि माझा मित्र गृहीत धरून होतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाल्याने आम्हां दोघांच्याही घरात ही विद्या चालत आलेली नव्हती. जे काही शिकलो ते कॅलिफोर्नियातच, आणि वाळवंटाची ओळख तर मुळीच नव्हती. म्हणून टूसॉनमधील एका लहान सल्लासेवेकडे आम्ही दोघांचे मिळून 350 डॉलर भरले. ही सेवा सोबत वाटाड्या देत नाही. खुणा केलेले नकाशे, लेखी आराखडा आणि फोनवर दोन सविस्तर बैठका एवढेच तिचे स्वरूप आहे.

पहिली बैठक जवळजवळ पूर्णपणे नियमांवर गेली आणि ते योग्यच होते. परराज्यातील शिकाऱ्याला ॲरिझोनाचा परवाना आणि हरिणाचा टॅग (एका हरिणापुरती मुभा देणारी चिठ्ठी) असे दोन्ही घ्यावे लागते, एका वर्षात एकच हरीण मारता येते आणि शिकार साधल्यास राज्याच्या वन्यजीव विभागाला मुदतीत कळवावे लागते. शिकारीसाठी जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावण्यास तेथे 2022 पासून बंदी आहे. हरिणाला आमिष म्हणून चारा टाकणेही निषिद्ध आहे. आम्ही दोन कॅमेरे बांधून ठेवले होते, ते घरीच राहिले.

या सेवेचे खरे मोल मात्र दुसऱ्या बैठकीत कळले. आम्ही विचारत होतो की कोणत्या वाटेने किती चालावे, आणि सल्लागार प्रत्येक वेळी आम्हांला कुठे बसावे याकडे वळवत होते. सांता रिटा पर्वताच्या पायथ्याशी मेस्किट, ओकोटिओ आणि निवडुंगाच्या रानात राहणारे कूझ हरीण हे पांढऱ्या शेपटीच्या हरिणाचे लहान चणीचे भावंड आहे. त्याचा प्रौढ नरही क्वचितच 45 किलोंच्या वर जातो, आणि त्याचा राखाडी रंग खडकात असा मिसळतो की तो हलल्याशिवाय दिसत नाही. (एलियट काऊज या निसर्ग-अभ्यासकावरून हे नाव पडले, पण शिकारी सर्रास ‘कूझ’ म्हणतात.) अशा प्राण्यामागे चालत सुटणारा माणूस त्याला दिसतो, तो माणसाला दिसत नाही. म्हणून आराखड्यात प्रत्येक सकाळसाठी बसण्याची एक उंच जागा दिली होती, आणि तिच्यासोबत तिथून समोरचा कोणता उतार, कोणत्या वेळी न्याहाळायचा हेही लिहिले होते : थंडीत पहिले ऊन ज्या उतारावर पडते तो आधी, ऊन चढल्यावर सावलीच्या घळी. पंधरा पटींची दुर्बीण तिपाईवर बसवून एकेक झुडूप पाहायचे, हा आग्रह आम्हांला आधी अतिशयोक्त वाटला होता. हातातल्या दुर्बिणीने पहिल्या सकाळी तीन तासांत काहीच दिसले नाही. दुसऱ्या दिवशी तिपाईवरून त्याच उतारावर पाच माद्या आणि एक नर दिसला. जानेवारी हा त्यांचा माजाचा काळ असल्याने माद्यांवर नजर ठेवा, नर आपणहून येईल, हे वाक्य आराखड्यात ठळक अक्षरांत होते, आणि ते अक्षरशः खरे ठरले.

पाण्याविषयीची सूचनाही मोलाची होती. गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांजवळ हरिणे येतात हे आम्ही ऐकले होते. पण पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करणे ॲरिझोनात बेकायदा आहे, हे ठाऊक नसते तर आम्ही तंबू तिथेच ठोकला असता. वन्य जीवांचे पाणी त्यांच्याकडून हिरावले जाऊ नये यासाठीचा हा नियम मला फार न्याय्य वाटतो.

उणिवाही गंभीर आहेत. नकाशात मोकळी दाखवलेली एक कच्ची वाट खाजगी जमिनीच्या कुलूपबंद फाटकाशी संपत होती, आणि त्या फेऱ्यात आमची एक संपूर्ण सकाळ गेली. परतीविषयी तर आराखड्यात एक ओळही नव्हती. हरिणाचा मेंदू आणि मज्जारज्जू कॅलिफोर्नियात आणता येत नाहीत, म्हणून डोके आणि पाठीचा कणा वेगळे काढूनच मांस सीमेपार न्यावे लागते. परराज्यातील गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या सेवेने ही गोष्ट आधी सांगायला हवी होती. मी हे कळवल्यावर त्यांनी फाटकाची चूक मान्य केली आणि नकाशा सुधारून पाठवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी एका नरापासून साठ यार्डांवर पोहोचलो. माझी स्वतःची मर्यादा चाळीस यार्डांची आहे, आणि मधल्या घळीत वारा फिरला, त्यामुळे बाण सोडला नाही. या सेवेने हरीण मिळण्याचे आश्वासन कधीच दिले नव्हते, ही तिची सर्वांत प्रामाणिक बाजू मी मानतो. ज्याला वाळवंटात पहिल्यांदाच आणि स्वतःच्या पायांवर जायचे आहे त्याने ती जरूर घ्यावी, मात्र प्रत्येक वाटेची मालकी निघण्यापूर्वी स्वतंत्रपणे तपासावी. आम्ही पुढच्या जानेवारीसाठी बसण्याच्या त्याच जागांचा सुधारित नकाशा मागवला आहे.