दापोलीच्या वाडीत पॅनेलचं घर: 15 महिन्यांनंतर

दापोली तालुक्यातलं आमचं जुनं घर 3 जून 2020 ला निसर्ग वादळात बसलं. कौलं उडाली, वासे मोडले, आणि पुढच्या पावसाळ्यांनी मातीच्या भिंतीही नेल्या. आई 74 वर्षांची. आंब्याच्या दिवसांत तिला गावीच राहायचं असतं, आणि दुसऱ्याच्या पडवीत तिने किती वर्षं अंथरूण टाकायचं? म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये वाडीत पॅनेलचं तयार घर उभं केलं. 440 चौरस फूट, लोखंडी सांगाडा, 50 मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलच्या भिंती, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या. दोन उन्हाळे आणि एक अख्खा पावसाळा त्यात काढल्यावर हे लिहितोय.

आधी जमिनीचं सांगतो, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. विकणारा म्हणाला, "हलवता येणारं घर आहे, परवानगीची भानगड नाही." यावर विसंबू नका. विजेचं मीटर, घरपट्टीची नोंद, सगळीकडे जागेचे कागद लागले. आमचा सातबारा सामाईक, त्यावर 11 नावं. कोकणात हे घरोघरी आहे. सहहिस्सेदारांची संमतिपत्रं गोळा करायला चार महिने लागले, कारण कोणी मुंबईला, कोणी सुरतेला. घर मात्र नऊ दिवसांत उभं राहिलं. आगाऊ रक्कम देण्याआधी तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत जाऊन या आणि जे सांगतील ते लेखी घ्या. गृहकर्जाची आशा धरू नका. आम्हाला मिळालं नाही, पैसे साठवणीतले घातले.

दुसरी गोष्ट रस्ता. आम्ही आधी कारखान्यातून जोडून येणाऱ्या दोन पेट्या मागवल्या होत्या, 22 बाय 10 फुटांच्या. आमची पाणंद दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाते, आठ फूट रुंद, मध्ये काटकोनात वळण. चुलतभावाने टेप लावून मोजलं तेव्हा कळलं की ट्रेलर सोडाच, हायड्रा क्रेनही आत येणार नाही. ऑर्डर बदलून सुटी पॅनेल मागवली, ती टेम्पोने आली आणि जागेवर जोडली. या बदलाचे 40 हजार जादा गेले.

आता खर्च. दर 1500 रुपये फूट, म्हणजे 6 लाख 60 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 7 लाख 79 हजार. जाहिरातीत एवढंच दिसतं. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चौथरा, शोषखड्डा आणि टाकी, विजेची जोडणी, विहिरीवरचा पंप, वाहतूक आणि नंतर घातलेलं दुसरं छप्पर धरून आकडा 13 लाखांच्या पुढे गेला. गावातल्या गवंड्याने एवढ्याच मापाचं चिऱ्याचं घर 12 लाखांत सांगितलं होतं, पण आठ-दहा महिने आणि रोज कोणीतरी उभं राहायला हवं. मी ठाण्याला नोकरी करतो, आईला गुडघ्यांचा त्रास. आम्ही वेळ विकत घेतला, पैसे वाचवले नाहीत. स्वस्त पडेल म्हणून हे घर घेऊ नका.

दुसऱ्या छपराबद्दल सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय आई इथे पुढे राहू शकली नसती. पहिल्या एप्रिलमध्ये दुपारी आत 37 अंश असायचे. पावसात तर समोरासमोर बसून बोललेलं ऐकू येत नव्हतं. जुलैत एका रात्री आई झोपलीच नाही, सकाळपर्यंत कानावर पदर घेऊन बसून होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं. पाऊस उघडल्यावर घराच्या वर दोन फूट मोकळी हवा सोडून स्वतंत्र खांबांवर पत्र्याचं छप्पर घेतलं, चारही बाजूंना चार फूट पुढे काढून. 2025 च्या एप्रिलमध्ये आत 33 च्या वर गेलं नाही. पश्चिमेचा झडीचा पाऊस खिडकीच्या सांध्यातून आत यायचा, तोही थांबला. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस कोसळला तेव्हा हे सगळं नीट तपासून झालं. वानरं उड्या मारतात ती आता वरच्या पत्र्यावर, पॅनेलला पोचे पडत नाहीत. दुसऱ्या छपराचे 1 लाख 90 हजार पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

या घराला अजून वाळवी लागलेली नाही, हे खरं. पण मुंग्यांनी एका कोपऱ्यात पफ पोखरून घर केलं. पॅनेलचं प्रत्येक उघडं टोक पट्टीने बंद करून घ्या. खारी हवा स्क्रूंना आधी खाते. 15 महिन्यांत पश्चिमेच्या बाजूचे 30-35 बदलले.

दोन गोष्टींत तडजोड करू नका. घर लोखंडाचं आहे, वायरचं आवरण कुठे घासलं तर अख्ख्या भिंतीत वीज उतरू शकते. चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय आत पाऊल ठेवू नका. दुसरं म्हणजे आग. पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. गॅसच्या मागे आम्ही सिमेंट बोर्ड लावला, आईची चूल बाहेर, घरापासून दहा पावलांवर मांडली. वाऱ्यासाठी सांगाडा चौथऱ्यातल्या बोल्टांनी जखडून घेतला. निसर्ग पाहिल्यावर तिथे कुचराई करायची छाती नव्हती.

आणि भिंतीला खिळा ठोकता येत नाही. फळी, आरसा, टाकी कुठे येणार हे आधी सांगितलं तर आतून प्लाय घालून देतात. आम्ही सांगितलं नाही. देव्हारा अजून टेबलावर आहे, आणि आई रोज त्याच्यासमोर अवघडून वाकते.

तरीही मी हे घर पुन्हा घेतलं असतं. 2024 च्या उन्हाळ्यात आई आंबे उतरवून होईपर्यंत सलग 40 दिवस इथे राहिली, चार वर्षांत पहिल्यांदा. जुनं घर पडल्यापासून ती गावाबद्दल बोलायचीच थांबली होती. आता पायरीच्या कलमाला यंदा किती फळ धरलं, हे फोनवर मला तीच सांगते.

दिवाळीनंतर मागच्या बाजूला एक खोली वाढवायची आहे. ती चिऱ्याची बांधणार, गवंडी ठरला आहे. पूर्वेच्या भिंतीत, आईच्या हाताच्या उंचीला, देवांसाठी कोनाडा ठेवायला सांगितलंय.