एपी वर्ल्ड हिस्टरी : रत्नागिरीतल्या कला शाखेच्या वर्गात वापरून पाहिलेला अभ्यासक्रम

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. बोर्डाचा अभ्यासक्रम सांभाळून, शनिवारी दुपारी, अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर मी अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाचा ‘एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) वर्ल्ड हिस्टरी : मॉडर्न’ हा अभ्यासक्रम वापरते आहे. आमच्यातलं कुणी ती परीक्षा देणार नाही. देणाऱ्याला मोठ्या शहरातलं केंद्र गाठावं लागतं आणि शुल्क डॉलरमध्ये भरावं लागतं. त्यामुळे हे मत फक्त इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या साहित्याबद्दल आहे: अभ्यासक्रमाची सविस्तर पीडीएफ, मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, ते तपासायची गुणपद्धती, आणि यूट्यूबवरचे उजळणीचे व्हिडिओ. तालुक्याच्या ठिकाणी इतिहास शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा उघडून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

हायस्कूलमधल्या मुलांना कॉलेजच्या सुरुवातीच्या तोडीचा विषय शाळेतच शिकता यावा, अशी ही योजना आहे. परीक्षा मे महिन्यात होते, १ ते ५ असे गुण मिळतात आणि चांगले गुण असतील तर तिकडची बरीच कॉलेजं ते मान्य करतात. अभ्यासक्रम सन १२०० पासून आजपर्यंतचा, नऊ घटकांचा. पेपर सव्वातीन तासांचा. बहुपर्यायी प्रश्न ५५, त्यांना मिनिटंही ५५. तीन लघुत्तरी प्रश्न ४० मिनिटांत. मग सात दस्तऐवज देऊन विचारलेला एक मोठा प्रश्न, त्याला तासभर. शेवटी ४० मिनिटांचा निबंध, तीन विषयांतून एक निवडून.

बहुपर्यायी प्रश्नांवर मी फार वेळ घालवत नाही. चांगले आहेत, प्रत्येक गटाला एखादा उतारा, चित्र किंवा नकाशा जोडलेला असतो. पण या सगळ्याचा जीव आहे तो सात दस्तऐवजांच्या प्रश्नात.

आमच्या मुलांना ‘टीपा लिहा’ आणि ‘सकारण स्पष्ट करा’ यांची सवय असते. कोकण विभाग बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतो, मुलं कष्टाळू आहेत, पाठांतर पक्कं असतं. २०१९ च्या एपी परीक्षेतला दस्तऐवजांचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा माझ्या मनात कुतूहल होतं. प्रश्न असा: सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातला सागरी व्यापार कितपत बदलला याचं मूल्यमापन करा. हा प्रश्न अमेरिकेतल्या लाखो मुलांनी सोडवला, आणि तो आहे आमच्या अंगणातला!

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांची उत्तरं एकाच वळणाची आली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, पोर्तुगीजांनी समुद्रावर मक्तेदारी मिळवली. एकही सनावळ चुकलेली नव्हती. मग आम्ही गुणपद्धती उघडली. प्रश्न ७ गुणांचा. स्वतःचं ठाम प्रतिपादन मांडलं तर १, काळाची पार्श्वभूमी नीट सांगितली तर १, पुराव्याला ३, विश्लेषणाला २. पुराव्याच्या तीनपैकी दोन गुण मिळवायचे तर किमान चार दस्तऐवज आपल्या युक्तिवादासाठी वापरावे लागतात, आणि तिसऱ्यासाठी दस्तऐवजांत नसलेला, स्वतःला माहीत असलेला एक पुरावा आणावा लागतो. विश्लेषणात निदान दोन दस्तऐवजांबद्दल सांगायचं असतं की लिहिणारा कोण, कुणासाठी लिहितोय, कशासाठी, त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, आणि या सगळ्याचा आपल्या मुद्द्याशी संबंध काय. नुसत्या सनावळीला यात कुठेच गुण नाहीत.

पुढच्या शनिवारी ‘बाहेरचा पुरावा’ या एका गुणावर वर्ग बसला. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. १५०८ च्या सुरुवातीला चौलजवळ इजिप्तच्या मामलुकांच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, त्यात व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा मारला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी दिवच्या लढाईला निघालेल्या आल्मेइदाने वाटेत दाभोळ जाळलं. मुलांनी लगेच लिहून घेतलं: व्यापार पूर्ण बदलला, दाभोळ संपलं.

तेव्हा गुहागरकडची एक मुलगी बोलली. ती आजोळी जाताना धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरते. “मॅडम, दाभोळ संपलं असेल तर ती बंदरावरची मशीद कोणी बांधली? ती तर जाळल्यानंतरची ना?”

दाभोळची ती मशीद तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. मोठा घुमट, चार मिनार, खाडीजवळच. ती आदिलशाहीतली आहे आणि १५०८ नंतरचीच आहे. एवढी वास्तू उभारायला बंदरात पैसा यावा लागतो, माणसं यावी लागतात. म्हणजे जाळपोळीनंतरही दाभोळातून जहाजं जात होती. मग चर्चा वळली ती ‘कार्ताझ’कडे. पोर्तुगीज जो परवाना विकत, तो जवळ नसेल तर जहाज पकडलं जाई. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलासुद्धा या परवान्यासाठी सुरतेत ताटकळावं लागलं होतं. मुलांच्या हातात आता दोन्ही बाजू होत्या. व्यापार बंद पडला नाही, जहाजं त्याच वाटांनी त्याच वाऱ्यावर गेली. पण समुद्रावर फिरायला परवानगी लागते ही गोष्ट नवी होती, आणि ती तोफेच्या जोरावर आली होती. त्या मुलीने याच दोन वाक्यांवर आपलं प्रतिपादन उभं केलं. एकाने कान्होजी आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे जहाजांना दिलेले परवाने, आणले. ते इथे चालत नाहीत, कारण कान्होजींचा काळ सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याची सुरुवात, प्रश्न सोळाव्याचा. पण शेवटच्या परिच्छेदात ‘परवान्याची ही रीत पुढे मराठ्यांच्या आरमारानेही उचलली’ असं जोडलं तर युक्तिवादाला खोली येते. काळाची ही शिस्त पाळणं मुलांना जड जातं, आणि तीच शिकण्यासारखी आहे.

माझ्या शिकवण्याच्या इतक्या वर्षांत गावच्या मशिदीचा पुरावा म्हणून वापर करणारं उत्तर मी प्रथमच वाचलं. अभ्यासक्रमाचं श्रेय मी इथे मोकळेपणाने देते. त्याने ती मशीद शिकवली नाही, पण ती आणायला एका गुणाची जागा ठेवली.

दुसरा घटक व्यापारी मार्गांचा आहे: रेशीम मार्ग, मंगोल, सहारा, हिंदी महासागर. तिथे मोसमी वाऱ्यांवर जोर आहे. व्यापारी परमुलखात महिनोन्‌महिने का राहत आणि त्यांच्या वसाहती का वसत, हे वाऱ्याच्या वेळापत्रकाने समजावलं आहे. मिरकरवाड्यातला एक मुलगा एरवी मागच्या बाकावर गप्प असतो. त्या दिवशी त्यानेच वर्गाला शिकवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बाहेरगावचे खलाशी गावी गेलेले. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सगळं सुरू. “वारा फिरेपर्यंत थांबायलाच लागतं. जो परत जाऊ शकत नाय, तो इथंच लगीन करून राहतो,” असं तो म्हणाला. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरचे मिश्र समाज कसे घडले ते त्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

साम्राज्यवाद सहाव्या घटकात येतो. तो शिकवताना रत्नागिरीत राहण्याचा जेवढा फायदा मिळतो तेवढा क्वचितच कुठे मिळत असेल. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, १८८५ मध्ये, मंडालेचा राजा थिबा पदच्युत झाला. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. थिबा पॅलेस त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधला गेला. उलट दिशेने पाहा: दिल्लीचा बहादूरशाह जफर रंगूनला धाडला गेला आणि १८६२ मध्ये तिथे वारला. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, एकाच वेळी, एकाच सरकारच्या हुकमाने. हे तपशील सुटेसुटे सगळ्यांना पाठ होते. एपीच्या निबंधात तुलना, कार्यकारण, सातत्य आणि बदल यांपैकी एक चौकट घेऊन लिहावं लागतं. त्या चौकटीत बसवल्यावर मुलांना दिसलं की राजाला किंवा नेत्याला त्याच्या लोकांपासून समुद्रापार तोडून ठेवणं हे राज्य करण्याचं साधन होतं. आम्ही राजवाड्यावर गेलो आणि ‘ही इमारत कोणी, कुणाला दाखवण्यासाठी बांधली’ या एकाच प्रश्नावर वह्या भरल्या.

आता जे खटकलं ते.

मराठ्यांसाठी यात जागा जवळजवळ नाही. सत्तेला झालेल्या प्रतिकाराच्या उदाहरणांत ‘मराठ्यांचा मुघलांशी संघर्ष’ एवढी एक ओळ आहे, फ्रान्समधलं फ्रोंदचं बंड, रशियातल्या कोसॅकांचे उठाव, अंगोलाची राणी न्झिंगा यांच्या रांगेत. जगाच्या नकाशावर आपली ओळ कुणाशेजारी येते हे मुलांनी पाहणं मला चांगलंच वाटतं, न्झिंगाबद्दल तर त्यांना आपणहून अधिक वाचावंसं वाटलं. पण मराठ्यांचं आरमार, पश्चिम किनाऱ्यावरचे जलदुर्ग, १७३९ ची वसई हे शिक्षकालाच भरावं लागतं. हिंदी महासागराच्या उदाहरणांत पूर्व आफ्रिकेची स्वाहिली नगरं, गुजरात, मलाक्का येतात, चौल-दाभोळ नाहीत. जंजिऱ्याचे सिद्दी नसणं मला सगळ्यात जास्त लागलं. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी भारताच्या किनाऱ्यावर राज्य केलं आणि ते १९४८ पर्यंत टिकलं, याहून मोठं उदाहरण महासागरी संपर्काला कुठून आणायचं?

सुरुवात १२०० पासून हेही नुकसानच. २०१८-१९ पर्यंत हा अभ्यासक्रम प्राचीन काळापासून होता. कॉलेज बोर्डाने आधी तो १४५० पासून करायचं ठरवलं होतं, तिकडच्या शिक्षकांनी विरोध केल्यावर १२०० वर तडजोड झाली. त्यामुळे रोमशी चालणारा चौल आणि सोपाऱ्याचा व्यापार बाहेर पडला. आमच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं तर फारच दूर राहिली. ज्या मुलांच्या वाडीमागे कातळावर हत्ती आणि मासे कोरलेले आहेत, त्यांच्यासाठी इतिहास १२०० ला सुरू करणं मला पटत नाही. कातळशिल्पांचे शनिवार मी वेगळे ठेवले आहेत.

भाषा हा सगळ्यात मोठा अडथळा. इंग्रजी दस्तऐवज जुन्या वळणाचे असतात, मराठी माध्यमातल्या मुलांना ते एका बैठकीत झेपत नाहीत. मी सातऐवजी तीनच दस्तऐवज घेते, मराठीत उतरवते, त्यांच्या झेरॉक्स वाटते, आणि उत्तर मराठीत लिहून घेते. गुणपद्धती भाषेवर अवलंबून नाही, त्यामुळे तपासताना काही बिघडत नाही. व्हिडिओ मी घरून उतरवून नेते, कारण वर्गात रेंज नसते. बोलण्याचा वेग जास्त आहे, थांबवत थांबवत दाखवले तर उपयोग होतो.

मला ‘बोर्डाचे मार्क वाढतात का’ असं विचारणाऱ्या पालकांना सांगते: फक्त त्यासाठी हे करू नका. ‘तुमचे मत नोंदवा’ या प्रश्नाची उत्तरं सुधारली एवढं मी नक्की सांगेन, कारण मुलं आता मत मांडून त्याला पुरावा देतात. स्पर्धा परीक्षांकडे जाणाऱ्यांना आधुनिक जगाचे घटक, विशेषतः पाच ते आठ, थेट उपयोगी आहेत: क्रांत्या, औद्योगिकीकरणाचे परिणाम, महायुद्धं, शीतयुद्ध आणि निर्वसाहतीकरण.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कोकण किनाऱ्याचा आणि १२०० आधीच्या जगाचा कापला.

सुरुवात करायची असेल तर सगळी पीडीएफ छापू नका, ती भली मोठी आहे. २०१९ चा तो पोर्तुगीजांचा प्रश्न आणि त्याच्या दस्तऐवजांची पानं उतरवा, पण तपासायला सध्याची गुणपद्धती घ्या, कारण मधल्या काळात ती बदलली आहे. एका दुपारी तीन दस्तऐवज पुरे. आणि ‘बाहेरचा पुरावा’ मात्र मुलांना आपल्या गावातून आणायला सांगा: वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे, राजापूरला इंग्रजांची होती, कोर्लईत लोक अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, आणि काजू तर प्रत्येकाच्या परसात आहे, तो ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आला.