लाइट गेल्यावरही चालू राहिलेली शर्यत : निंटेंडो स्विच २चे पहिले काही दिवस

पावसाळी वारा सुटला की परभणीत आधी लाइट जाते, हे येथे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. त्या संध्याकाळीही तसेच झाले. दोन्ही भाचरे टीव्हीसमोर ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची शर्यत खेळत होती, शेवटचा फेरा सुरू होता आणि टीव्ही, पंखा, राउटर असे सगळे एकदम बंद पडले. थोरल्याने डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या खोबणीतून, कन्सोल (खेळाचे यंत्र) उचलले, त्याचा मागचा स्टँड उघडून ते टीपॉयवर उभे केले आणि शर्यत जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली. “मामा, लाइट गेली तरी हे बंद नाही पडलं की!” या त्याच्या उद्गारात निंटेंडो स्विच २विषयीचा माझा निम्मा अभिप्राय आला.

हे कन्सोल ५ जून २०२५ रोजी जगभरातील अनेक देशांत विक्रीस आले. भारतात मात्र त्याची अधिकृत विक्री नाही. त्यामुळे मी ते आयात माल ठेवणाऱ्या पुण्यातील एका दुकानदाराकडून मागवले. विक्रीस आले तेव्हा अमेरिकेतील किंमत ४४९.९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने ३८ हजार रुपयांच्या पुढे. आपल्याकडे ते त्याहून बरेच चढ्या भावाने पडते, हे आधीच गृहीत धरावे.

२०१७च्या पहिल्या स्विचचा पडदा ६.२ इंचांचा होता, याचा ७.९ इंचांचा आहे. त्यावर १०८०पी (फुल एचडी) चित्र दिसते आणि ते सेकंदाला १२० वेळांपर्यंत बदलू शकते. मात्र २०२१च्या मॉडेलमधील ओएलईडी पडदा येथे नाही, साधा एलसीडी आहे, आणि ज्याने ते मॉडेल वापरले आहे त्याला रात्रीच्या दृश्यांतील काळ्या रंगाचा फिकेपणा पहिल्याच दिवशी जाणवेल. दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे खेळ चालवायचे सुटे कंट्रोलर, आता सरकवून बसवावे लागत नाहीत. ते चुंबकाने खट्कन चिकटतात आणि मागचे बटण दाबल्याशिवाय निघत नाहीत. जॉय-कॉन आडवा धरून माउससारखा फिरवण्याची सोय मला आधी निव्वळ जाहिरातीपुरती वाटली होती, पण ‘सायबरपंक २०७७’ या खेळात नेम धरताना ती खरोखर उपयोगी पडते, त्यासाठी टेबल नसेल तर लाकडी पाटही चालतो. डॉकमधून टीव्हीवर ४के चित्र मिळते असे म्हणतात ते खरे आहे, परंतु आमचा टीव्ही जुना, ३२ इंची; तेव्हा त्याविषयी मी बोलणे बरे नव्हे.

बॅटरीबाबत मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे तोच कळीचा मुद्दा आहे. कंपनी स्वतःच २ ते साडेसहा तासांचा अंदाज देते, तर २०१९मध्ये सुधारून आलेल्या जुन्या स्विचसाठी हाच आकडा साडेचार ते ९ तासांचा होता. ताकद वाढली आणि वेळ घटला, असा हा सरळ व्यवहार आहे. भारी खेळ खेळताना दोन-अडीच तासांचाच हिशेब धरावा. गावाकडे दुपारभर लाइट नसेल तर पॉवर बँक हाताशी हवीच. चार्जिंगचे एक यूएसबी-सी तोंड आता वरच्या कडेलाही दिले आहे, त्यामुळे स्टँडवर उभे ठेवूनही वायर जोडता येते. दुसरी गोष्ट उन्हाची. हे यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरावे, असे कंपनी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४०च्या वर असतो, तेव्हा भर दुपारी पत्र्याच्या खोलीत ते चालवण्याचा विचार करू नये.

इंटरनेटची अडचण मला जास्त गंभीर वाटते. नवे यंत्र सुरू करताच आधी सिस्टिम अपडेट उतरवावे लागते. त्याशिवाय जुन्या स्विचच्या खेळांची कार्डेही चालत नाहीत. त्यातच काही नवे खेळ ‘गेम-की कार्ड’ स्वरूपात येतात : त्या कार्डावर खेळ नसतोच, फक्त किल्ली असते, आणि संपूर्ण खेळ डाउनलोड करून पुन्हा प्रत्येक वेळी ते कार्ड खाचेत घालावे लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालवणाऱ्या माणसाने पैसे मोजून डबा घरी आणायचा आणि त्यात खेळच नसायचा, हे मला पटत नाही. ‘सायबरपंक’ पूर्णपणे ६४ जीबीच्या कार्डावर मिळतो, म्हणून मी तोच निवडला. कन्सोलमध्ये २५६ जीबी साठवण आहे. ती भरली की मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगवान मेमरी कार्डच लागते, मोबाइलमधले साधे मेमरी कार्ड खेळ साठवायला चालत नाही.

‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये एकाच शर्यतीत २४ जण धावतात, मागच्या खेळाच्या दुप्पट. मुले त्याला कंटाळलेली नाहीत. मीही नाही, जरी वयाने ते शोभत नसले तरी.

घ्यायचे ठरवलेच तर दुकानदाराला तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. संच बहुभाषी आहे का, कारण जपानमध्ये सुरुवातीला ४९,९८० येनला विकला गेलेला स्वस्त संच केवळ जपानी भाषेत आणि जपानच्या खात्यावर चालतो. अडॅप्टरची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसते का. आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती तो स्वतः करून देणार की नाही, व देणार असल्यास ते बिलावर लिहून देणार का. माझ्या दुकानदाराने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच दिली. तिसऱ्याला तो “बघू की साहेब” म्हणाला, आणि बिलावर ते लिहून घेईपर्यंत मी पैसे पाठवले नाहीत.