सोनेरी विडलेस स्पून : कृष्णेच्या हिवाळी पाण्यात कितपत उपयोगी?

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलींत, विशेषतः लुईझियाना आणि टेक्सास या राज्यांत, हिवाळ्यात रेडफिश पकडण्यासाठी जी मोजकी कृत्रिम आमिषे वर्षानुवर्षे टिकून राहिली आहेत, त्यांत सोनेरी मुलाम्याचा आणि गवतात सहसा न अडकणारा, म्हणजेच ‘विडलेस’, धातूचा स्पून बराच वरच्या क्रमांकावर आहे. हा स्पून आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतो आणि सांगली-मिरजेच्या हौशी मंडळींत त्याच्याविषयी कुतूहलही दिसते. थोडक्यात सांगायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, नितळ आणि उथळ पाण्यातील मरळीसाठी तो घेण्यासारखा आहे. कटला-रोहूसाठी तो निरुपयोगी आहे आणि जलपर्णीने गच्च भरलेल्या पात्रात तर तो न्यायचीच गरज नाही. अनेक कंपन्या जवळजवळ एकाच घडणीचे असे स्पून बनवत असल्यामुळे येथे कोणा एका कंपनीचे नाव न घेता या घडणीचेच परीक्षण केले आहे.

स्पून म्हणजे मध्ये किंचित खोलगट असलेला, लांबट धातूचा पत्रा. त्याच्या पोटाशी एकच मोठा गळ पक्का जोडलेला असतो, गळाचे टोक वरच्या बाजूला वळलेले असते आणि त्या टोकापुढे एक बारीक लवचिक तार आडवी येते. गवताची काडी या तारेवरून घसरून जाते. मासा तोंड मिटतो तेव्हा मात्र तार दबते आणि टोक उघडे पडते. पाण्यातून सावकाश ओढला की पत्रा डावीकडे-उजवीकडे डुलतो आणि प्रत्येक डुलण्याबरोबर एक झळक देतो. वेग वाढवला की हे डुलणे थांबून तो स्वतःभोवती गरगरू लागतो, दोरीला पीळ बसतो आणि झळकही एकसुरी होते. त्यामुळे या आमिषाची खरी किंमत हळू ओढण्यात आहे. ते नेमक्या कोणत्या पाण्यासाठी घडले, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या नदीत त्याचा अंदाज येत नाही, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी आधी तिकडच्या हिवाळ्याविषयी लिहितो.

रेडफिश हा आपल्या घोळ आणि ढोमा या माशांच्या कुळातला मासा. तांबूस सोनेरी अंग आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका ही त्याची ओळख. वयाची पहिली तीन-चार वर्षे तो किनाऱ्यालगतच्या दलदलीत, गवताच्या बेटांमधल्या उथळ तळ्यांत आणि नाल्यांत काढतो आणि पूर्ण वाढल्यावर मोठ्या पाण्याकडे जातो. लुईझियानाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी दिवसातून साधारण एकदाच होते आणि पाण्याची चढउतार जेमतेम फूटभर असते. त्यामुळे तेथे भरतीपेक्षा वाऱ्याचा हुकूम अधिक चालतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की तिच्यामागचा जोरदार वारा दलदलीतले पाणी अक्षरशः समुद्राकडे लोटून देतो, एरवी गुडघाभर पाणी असलेली तळी उघडी पडतात आणि त्यांत विखुरलेले मासे खोल नाल्यांत, कालव्यांच्या वळणांवर आणि खड्ड्यांत थव्याने गोळा होतात. मग ऊन पडते. काळा चिखल लवकर तापतो, त्याच्यावरचे उथळ पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा थोडे उबदार होते आणि दुपारी मासे पुन्हा त्या कडेला सरकतात. म्हणूनच तिकडचे जाणकार हिवाळ्यात पहाटेची घाई करत नाहीत.

थंड पाण्यात माशाचे शरीर मंदावते, तो लांबवर पाठलाग करत नाही. झिंगे समुद्राकडे गेलेले असतात, खेकडे चिखलात दडलेले असतात, आणि उरलेल्या लहान माशांवर त्याची भिस्त असते. गवताच्या मुळांतून रापलेल्या, चहासारख्या तांबूस पाण्यात तळाजवळून सावकाश डुलत जाणारा सोनेरी पत्रा त्याला अशाच एखाद्या अशक्त माशासारखा दिसत असावा. स्पूनची प्रत्येक गोष्ट या परिस्थितीला चपखल बसते. सोनेरी रंग त्या पाण्यासाठी, तार त्या गवतासाठी आणि सावकाश डुलणे त्या थंडीसाठी आहे.

एकेरी गळाचाही तिकडे एक वेगळा उपयोग होतो. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांनी लोकप्रिय केलेल्या, मसाला लावून जवळजवळ काळ्या भाजलेल्या रेडफिशच्या पदार्थाने या माशाची मागणी इतकी वाढवली की जाळ्यांनी होणारा उपसा थांबवण्यासाठी सरकारला निर्बंध घालावे लागले. आज लुईझियानात हौशी गळकऱ्यालाही दिवसाला चारच रेडफिश ठेवता येतात, तेही १८ ते २७ इंच लांबीचे; हा नियम जून २०२४ पासून लागू आहे. मापात न बसणारा मासा जिवंत सोडायचा असेल तर तीन तोंडी गळापेक्षा एकेरी गळ काढणे माशाला आणि माणसाला दोघांनाही सोपे जाते. आपल्याकडे हा मुद्दा फारसा कोणी विचारात घेत नाही, पण कृष्णेच्या खोऱ्यात एखादा लहान खडस (महसीर मासा) लागला तर तो धड सोडता यावा एवढ्यासाठी तरी एकेरी गळ असावा, असे माझे मत आहे.

आता सांगलीच्या पाण्याविषयी. येथे समुद्र नाही, वाऱ्याने नदी उपसली जात नाही. पण पातळीची चढउतार मात्र आहे आणि ती माणसाच्या हाती आहे. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसतात, पाणी तुंबते, गाळ खाली बसतो आणि महिनाभरात गढूळ पात्र नितळ होऊ लागते. पुढे कोयनेतून सोडलेले पाणी आणि ताकारी, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांचे पंप यांच्या वेळापत्रकावर पातळी हलते. पंप जोरात सुरू झाले की पाणकणसाच्या कडेचे हातभर पाणी एकदोन दिवसांत ओसरते, कडेचे लहान मासे सरकतात आणि त्यांच्यामागे मरळही पहिल्या खोल उतारावर जाऊन थांबते. लुईझियानात उत्तरेचा वारा जे काम करतो तेच येथे पंप करतात, हे एकदा लक्षात आले की हा स्पून कोठे फेकायचा हा प्रश्न निम्मा सुटतो: पाणी उतरत असेल तर उताराच्या तोंडाशी, स्थिर असेल तर ऊन पडलेल्या कडेला. पहाटेचा पारा १५ अंशांच्या खाली गेलेल्या दिवसांत येथेही सकाळी दहानंतरची वेळ मला अधिक फलदायी वाटली. धुक्यात, बोटे आखडलेली असताना गळ टाकून बसण्यात हौस असेल, मासा क्वचितच असतो.

एका बाबतीत मात्र तिकडची रीत जशीच्या तशी उचलून चालत नाही. रेडफिशचे तोंड खालच्या बाजूला असते आणि तो तळ उकरत खातो, म्हणून तिकडे स्पून तळापासून वीतभर उंचीवरून नेतात. मरळ याच्या उलट आहे. तिचे डोळे डोक्याच्या पुढच्या भागात वर बसलेले असतात, ती दबा धरून वरच्या हालचालीकडे पाहते आणि खालून झेप घेते. शिवाय तिला हवा घेण्यासाठी मधून मधून पृष्ठभागावर यावे लागते, आणि त्या बुडबुड्यांवरूनच ती कोठे आहे हे कळते. म्हणून येथे स्पून पाण्यात पडताच रॉडचे टोक वर ठेवून, पृष्ठभागाच्या जेमतेम खालून, पत्रा डुलत राहील एवढ्याच वेगाने आणावा लागतो. १४ ग्रॅमचा स्पून यासाठी थोडा जड पडतो. वेग कमी केला की तो बुडतो आणि वाढवला की गरगरतो. ७ ग्रॅमचा हलका स्पून उथळ कडेसाठी कितीतरी सोयीचा आहे, मात्र त्याची फेक जवळच पडते आणि वाऱ्यात तो भरकटतो.

हरिपूरच्या संगमाजवळ, जेथे वारणा कृष्णेला मिळते, तेथे एका वयस्कर नावाड्याने हे आमिष हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिले आणि म्हटले, "काका, ह्या पितळंला मरळ कशी भुलायची? बेडकी लावा की." त्यांचा सल्ला परंपरेने आलेला आहे आणि गच्च पाण्यात तो बरोबरही आहे. पण त्याच दुपारी कडेच्या पाणगवतातल्या एका मोकळ्या पट्टीतून ७ ग्रॅमचा स्पून येत असताना त्याच्यामागे आधी पाण्यावर एक लांबट फुगवटा उठला, मग थांबला, आणि ओढ तशीच चालू ठेवल्यावर काठापासून चार हातांवर जोराचा हिसका बसला. मरळ बाहेर आली तेव्हा तार जबड्याला चिकटून पूर्ण दबलेली होती आणि गळ वरच्या ओठाच्या कोपऱ्यात बसला होता. नावाडीदादांनी मासा पाहिला, मत मात्र बदलले नाही. "लागली असंल एखादी," एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या बेडकीचा आजचा अवतार म्हणजे पोकळ रबरी बेडूक, आणि या स्पूनची खरी तुलना त्याच्याशीच करायला हवी. जलपर्णीचा सलग गालिचा पसरलेला असेल तेथे रबरी बेडूक वरून सरकत जातो. स्पून मात्र पानांच्या देठांत रुततो, कारण त्याची तार गवताच्या काडीसाठी आहे, जलपर्णीच्या फुगीर देठांसाठी नाही. उलट पाण्याखालचे शेवाळ, विरळ लव्हाळे, पाणकणसाच्या बेटांमधल्या वाटा अशा ठिकाणी स्पून बेडकापेक्षा सरस ठरतो; तो लांब जातो, खोली बदलू शकतो, आणि मरळ बेडकावर झेप घेऊन जितक्या वेळा चुकते तितकी स्पूनवर चुकत नाही.

सदोष बाजूही कमी नाहीत. तारेचा ताठपणा एकाच पाकिटातल्या दोन स्पूनमध्ये वेगळा निघतो. ती फार ताठ असेल तर मासा हिसका देतो पण गळ बसत नाही. मग तार बोटाने थोडी उचलून आणि मागे-पुढे करून मऊ करावी लागते, पण असे वारंवार केल्यास ती मुळाशी मोडते. कारखान्यातून येणारा गळ मरळीच्या हाडासारख्या कडक जबड्यासाठी पुरेसा धारदार नसतो, कानशीने दोनचार हात मारल्याशिवाय तो वापरू नये. गळ पक्का जोडलेला असल्याने तो बदलता येत नाही, ही या घडणीची सर्वांत मोठी उणीव. टोक बोथट होऊन झिजले की पूर्ण स्पून निकामी होतो. दगडी घाटाच्या पायऱ्यांवर आपटला की मुलामा उडतो. तसा डागाळलेला स्पूनही मासे धरतो, त्यामुळे त्याचे फार वाईट वाटून घेऊ नये.

सोबतचे साहित्य साधेच असावे. सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, २५०० किंवा ३००० मापाचे स्पिनिंग रील, १५ पौंडी ब्रेडेड दोरी आणि तिच्या पुढे हात-दीड हात जाड फ्लुरोकार्बनचा तुकडा पुरतो. ब्रेडेड दोरी आणि या तुकड्याच्या मध्ये चांगल्या प्रतीचे स्विव्हल (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी) हवेच, नाहीतर दुपारपर्यंत दोरीच्या गुंडाळ्या रीलवरून आपोआप उसळू लागतात. सांगली-मिरजेच्या दुकानांत गळ, दोरी, शिसे हे सगळे मिळते, पण बेअरिंगचे स्विव्हल विचारल्यावर बहुधा साधेच हातात ठेवतात.

आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या खाड्यांत गळ टाकायला जाणारे सांगलीकर बरेच आहेत, म्हणून तेथील उपयोगाविषयीही लिहिणे भाग आहे. कांदळवनाच्या मुळांशी दबा धरणाऱ्या तांबोशीसाठी हा स्पून वाईट नाही, पण लुईझियानाच्या हिवाळ्याचे गणित तेथे लागू होत नाही. कोकणातले खाडीचे पाणी जानेवारीतही उबदारच असते, मासा मंदावलेला नसतो आणि दिवसातून दोनदा येणारी भरती मोठी असते. तेथे तास पाहायचे ते भरती-ओहोटीचे, उन्हाचे नव्हे. तांबोशी लागताच मुळांत शिरते, त्यामुळे वर सांगितलेला रॉड अपुरा पडतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर स्पून गोड्या पाण्यात धुऊन, पुसून ठेवला नाही तर तारेच्या मुळाशी गंज धरतो आणि पुढच्या वेळी ती तेथेच तुटते.

लुईझियानात अनेक जण दलदलीत उतरून, पाण्यात चालत गळ टाकतात. आपल्याकडे त्याचे अनुकरण करू नये. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात आणि सांगलीच्या आसपासही कृष्णेत मगरी आहेत, आणि थंडीत त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मरळीसाठी आपण जी उन्हाची उथळ कड निवडतो तीच त्यांनाही आवडते. काठावरून, पाण्यापासून दोन पावले मागे राहून फेक करावी आणि अडकलेला स्पून सोडवायला पाण्यात उतरू नये. तलावांवर मात्र आधी चौकशी करावी, कारण बहुतेक तलाव मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असतात आणि गळासाठीही त्यांची परवानगी लागते.

किमतीचे म्हणाल तर एका नगाला तीनशे ते सहाशे रुपये पडतात आणि त्यात टपालखर्च धरलेला नसतो. एका विक्रेत्याने पाठवलेल्या स्पूनची तार पाकिटातच वाकलेली निघाली आणि परत घेण्यास त्याने टाळाटाळ केली. तेव्हा परतीची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्यावा आणि हाती येताच तार अंगठ्याने दाबून ती गळाच्या टोकावर सरळ येते का, हे पाहून घ्यावे. सहाचा संच स्वस्त पडतो म्हणून घेण्याची गरज नाही, कारण त्यातले लाल-पांढरे आणि हिरवे रंग डबीतच राहतात. ७ ग्रॅमचे दोन सोनेरी आणि लांब फेकीसाठी १४ ग्रॅमचा एक, एवढे एका हिवाळ्याला पुरतात.