नदी वाटायची की सांभाळायची? सिंधू आणि ऱ्हाईन

1960 च्या सिंधू जलकराराने नद्याच वाटून टाकल्या: रावी, बियास, सतलज भारताकडे, सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. हिशेब चोख, म्हणूनच तो युद्धांतही टिकला. पण नदीतल्या जीवांचा वाटा त्यात जवळपास नाहीच. झेलमची उपनदी किशनगंगा हिच्यात किमान 9 घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडायचे, हे 2013 मध्ये लवादाला ठरवावे लागले. एप्रिल 2025 मध्ये तर भारताने करारच स्थगित केला.

युरोपातल्या ऱ्हाईन नदीसाठी काठच्या देशांनी नेमलेला आयोग 1950 चा. सुरुवातीची कित्येक वर्षे त्याचा भर मोजमापांवर आणि चर्चांवरच होता (आयोगांचे असेच असते म्हणा). 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवण्याचे पाणी विषासकट नदीत उतरले आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. पुढच्याच वर्षी देशांनी कृती कार्यक्रम मंजूर केला. लक्ष्य साधे होते: समुद्रातून अंडी घालायला नदीत वर येणारा सामन मासा 2000 पर्यंत परत आणायचा. त्यासाठी सांडपाणी शुद्ध करावे लागले, बंधाऱ्यांवर मासेमार्गही बांधावे लागले. सामन परतला, मात्र बाझेलपर्यंतची वाट अजून पूर्ण मोकळी नाही.

परिसंस्थेसाठी मला ऱ्हाईनचीच पद्धत उजवी वाटते. पण तिला शेजाऱ्यांत किमान विश्वास लागतो. तो नसेल तिथे वाटणीपासूनच सुरुवात करावी लागते.