दत्तक भावंडं आणि घरातला पहिला खेळ: लुडो, जेंगा, फॉरबिडन आयलंड की डिक्सिट?

दोन भावंडं एकत्र दत्तक आली की घरात आपोआप दोन तट पडतात. एकीकडे एकमेकांना घट्ट धरून असलेली ती दोघं, दुसरीकडे आईबाबा. त्यात थोरल्याने बऱ्याचदा धाकट्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतलेली असते. म्हणून खेळ निवडताना मी दोनच गोष्टी बघेन: हे तट मोडतात का, आणि थोरल्याला घटकाभर तरी नुसतं मूल होता येतं का.

लुडो सगळ्यांना येतो. फाशाचा कारभार असल्यामुळे सहा वर्षांचं पोरही बाबांना हरवतं, तेही खरंखुरं. पण त्यातली खरी मजा सोंगटी मारण्यात आहे. थोरला धाकट्याची सोंगटी सोडून देतो आणि बाबांची मारतो. म्हणजे तट आणखी पक्के. खेळायचाच तर एक मूल आणि एक पालक अशा जोड्या लावा.

जेंगा म्हणजे ठोकळ्यांचा मनोरा न पाडता एकेक ठोकळा काढायचा खेळ. त्याचे 54 ठोकळे मांडले की भाषेचं काम संपलं. मुलं वेगळी भाषा बोलत आली असतील तर सुरुवातीला मी हाच काढेन. मोठ्या आवाजाला दचकणारं मूल असेल तर खाली जाड सतरंजी घाला.

सहकारी खेळांत माझं झुकतं माप 2010 साली आलेल्या 'फॉरबिडन आयलंड'ला. बुडत्या बेटावरून चार खजिने उचलायचे आणि हेलिकॉप्टरने निसटायचं. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. प्रत्येकाला वेगळी भूमिका मिळते. इंजिनियर एका चालीत दोन बुडती ठिकाणं सावरू शकतो, तेव्हा ते पान धाकट्याकडे जाऊ द्या. मग "अरे, माझ्या पायाखालचं बुडतंय, येतोस का वाचवायला?" असं आईला त्याला खरोखरच विचारावं लागतं. इथे मदत मागणारी आई असते आणि थोरल्याला धाकट्याची काळजी करावी लागत नाही. धोका एकच: घरातला हुशार माणूस सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतो. त्याने मुलांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. काही मुलांना मात्र राहती जागा बुडण्याची कल्पनाच झेपणार नाही. अशा वेळी, किंवा मुलं फारच लहान असतील तर, 'हाबा' कंपनीचा 1986 चा फळबागेचा खेळ घ्या. कावळा येण्याआधी सगळ्यांनी मिळून फळं तोडायची. डोकं फारसं लागत नाही, मोठे कंटाळतात, चालायचंच.

'डिक्सिट' (2008) थोडा उशिरा काढा, कारण त्यात बोलावं लागतं. आपल्या चित्राला साजेसा शब्द सांगायचा, बाकीच्यांनी मांडलेल्या चित्रांतून ते ओळखायचं. सगळ्यांनी चित्र ओळखलं तर सांगणाऱ्याला शून्य, कुणीच ओळखलं नाही तरी शून्य. म्हणजे फक्त धाकट्यालाच कळेल असा जुन्या घरातला शब्द थोरल्याने दिला तर त्याला पुरते गुण मिळतात! त्यांचं आधीचं आयुष्य इथे चक्क डावाच्या कामी येतं. त्या शब्दामागची गोष्ट खोदून विचारू नका. गुण मांडा, पुढचा डाव घ्या.

मोनोपॉली सध्या कपाटातच बरी. डाव लांबतो आणि दिवाळं निघालेलं मूल बाजूला बसून राहतं.

विकत घेण्याआधी डोकी मोजा. फॉरबिडन आयलंड चौघांपर्यंतच चालतो. तीन भावंडं आणि दोघे पालक असाल तर जेंगाने सुरुवात करून थेट डिक्सिटकडे जा. मूळ डिक्सिट सहा जणांपर्यंत खेळता येतो.